साडू सांगेल तो बोर्ड

माझ्या साडूइतका निरुपद्रवी माणूस अख्ख्या वाशीम जिल्ह्यात शोधून सापडणार नाही, आणि त्याच्याइतका छळ मला जन्मात कोणी केलेला नाही. तो कोणाला उलटून बोलत नाही, तंबाखू खात नाही, जेवताना आवाज करत नाही. सासुरवाडीला गेला की आधी मागच्या अंगणात जाऊन पाय धुतो आणि मगच घरात येतो, त्यामुळे मी तसाच आत शिरलेला लगेच सगळ्यांच्या लक्षात येतं. अशा माणसावर रागवायचं तरी कोणत्या तोंडाने? म्हणून मी रागावत नाही. मी त्याचा हेवा करतो. गेली अठरा वर्षं वाशीमला बस स्टँडच्या रस्त्यावर माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. साडूची अनसिंगला अडीच एकर बागायत आहे. त्यात तो वांगी, टमाटे, भेंडी, मेथी आणि सांबार, म्हणजे पुण्यामुंबईची कोथिंबीर, पिकवतो. आणि जिल्ह्यात कोणाला कॉम्प्युटर घ्यायचा झाला, की लोक आधी अनसिंगला फोन लावतात.

ज्यांचा या प्रकरणाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कॉम्प्युटरच्या डब्यात एक मोठी पाटी असते, तिला मदरबोर्ड म्हणतात. बाकीचं सगळं सामान त्या पाटीवर बसतं. पाटीवर चिपसेट नावाचा एक छोटा चौकोन असतो. काय काय जोडता येईल, कोणाला किती वाट मिळेल, हे बरंचसं तो ठरवतो, आणि बोर्ड ओळखला जातो तोही त्याच्याच नावाने. नाव म्हणजे एक अक्षर आणि तीन आकडे. इथवर सगळं सरळ आहे. पण हे बनवणाऱ्या कंपन्या दोन. आम्ही धंद्यातले लोक त्यांना निळी आणि लाल म्हणतो. ‘बी’ दोघींकडेही आहे. लालचा बी ५५० आणि निळीचा बी ५६०. गिऱ्हाइकाला वाटतं, पाचशेसाठ म्हणजे पाचशेपन्नासच्या पुढचं पाऊल. प्रत्यक्षात ती दोन वेगळी घराणी आहेत आणि एकीचा प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, दुसरीच्या उंबऱ्यातून आत जात नाही. निळीचा बी ३६५ हा बी ३६० च्या नंतर आला, पण पोटात माल आधीचा. लालचा बी ८४० हा बी ६५० पेक्षा आकड्याने थोर आणि अंगाने किरकोळ. त्यावर कधी शेवटी एखादं शेपूट असतं, कधी मध्येच एखादं अक्षर. हे सगळं मला पाठ नाही. मला पाठ नाही हे मी आज पहिल्यांदाच कबूल करतो आहे. दुकानात अशी वेळ आली की मी चष्मा काढून पुसत बसतो.

साडूला हे सगळं पाठ आहे, आणि त्याचा गुन्हेगार मीच आहे. तो भल्या सकाळी भाजीच्या मेटाडोरमध्ये बसून वाशीमच्या बाजारात येतो. माल दहापर्यंत संपतो आणि परतीची गाडी बाराला. मधले दोन तास तो माझ्या दुकानात, माझ्या स्टुलावर, माझा चहा पीत काढायचा. रिकामं बसणं त्याच्या स्वभावात नाही, म्हणून मी त्याच्यापुढे जुने दरपत्रकांचे कागद आणि बोर्डांसोबत येणारी माहितीपुस्तकं टाकायचो. मला वाटायचं, तो चित्रं पाहतो. तो ती पोथीसारखी वाचत होता. घरी नेऊन परत वाचत होता, आणि मेथीला पाणी देता देता स्वतःशी घोकत होता, हे मेहुणीकडून मला पुढे फार उशिरा कळलं.

पहिला धक्का बसला तो केनवडच्या एका मास्तरांमुळे. त्यांना दोन बोर्डांतला फरक हवा होता आणि मी चष्मा पुसत होतो. तेवढ्यात स्टुलावरून आवाज आला.

“गुरुजी, वांग्याचं बियानं घेता तवा पाकिटावर काय पायता? आधी वाण पायता, मंग हंगाम. अठी तसंच हाये. अक्षर म्हंजे वाण. पयला आकडा म्हंजे हंगाम. निळीत एच साधा, बी मधला, झेड मोठा. लालीत ए साधा, बी मधला, एक्स मोठा. मागचे दोन आकडे पाहून नका फसू. आता सांगा, तुमी त्याच्यावर करनार काय?”

मास्तरांनी सांगितलं, शाळेचे कागद, मुलांचे निकाल आणि अधूनमधून क्रिकेट. साडू म्हणाला, मग एचवर भागते. मास्तर समाधानाने एच घेऊन गेले. जाताना त्यांनी नमस्कार केला तो स्टुलाच्या दिशेने.

त्यानंतर चिठ्ठ्या यायला लागल्या. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर, निळ्या पेनाने, बाळबोध अक्षरात एक नाव: ‘बी ७६०, रॅम नवीवाली’. खाली कसलीही सही नाही. चिठ्ठी घेऊन येणारा माणूस ती माझ्यापुढे अशी धरायचा, जशी डॉक्टरची चिठ्ठी औषधाच्या दुकानात धरतात. अठरा वर्षांचा माझा अनुभव कंपाउंडरच्या पदावर येऊन बसला. एकदा मला राहवलं नाही. मंगरुळपीरकडच्या एका माणसाला मी मुद्दाम चिठ्ठीतलं सोडून दुसरा बोर्ड दिला आणि वर सांगितलं, की चिठ्ठी लिहिणाऱ्यांना हल्लीचं फारसं ठाऊक नसतं. माणूस दुकानाबाहेर उभा राहून फोनवर बोलला. मी काचेआडून पाहत होतो, आणि त्याने डबा परत आणावा, भांडण करावं, अशी माझी मनातून इच्छा होती. तो दारातूनच हसून म्हणाला, “ते म्हनाले, भाऊनं देलं हाये तर बरोबरच असन. तेही चांगलं हाये.” त्या दिवशी मी जेवलो नाही. म्हणजे उशिरा जेवलो.

आसेगावच्या लग्नाची गोष्ट तर मी अजून कोणाला सांगितलेली नाही. पंगतीत आम्ही दोघे साडू शेजारी शेजारी बसलो होतो. समोरच्या ओळीतून एकाने विचारलं, एक्स आणि बी यांत काय घ्यावं. साडूने घास गिळून उत्तर दिलं. मग मागच्या ओळीतून दुसरा वळला. मग वरण वाढणारा मुलीचा मामा वरणाचं भांडं घेऊन तिथेच थांबला, कारण त्याच्या भाच्याला गेम खेळायचे होते. अख्खी पंगत साडूकडे तोंड करून जेवत होती. त्या सगळ्या वेळात माझ्याशी एकच माणूस एकदाच बोलला, आणि त्याने मला मीठ मागितलं.

आता कोणी म्हणेल, इतका जाणकार माणूस, त्याच्या घरी केवढं मशीन असेल. त्याच्या घरी मशीन नाही. टेबल आहे. नऊ वर्षांपूर्वी त्याने अनसिंगच्या सुताराकडून कॉम्प्युटरसाठी म्हणून सागवानी टेबल करून घेतलं, तारा जायला मागे भोकसुद्धा पाडून घेतलं. त्यावर आज मेहुणीचे रोपांचे ट्रे असतात आणि भोकातून पाणी ठिबकतं. दुसऱ्याचा बोर्ड तो चहा थंड व्हायच्या आत निवडतो. स्वतःचा त्याला नऊ वर्षांत निवडता आलेला नाही. दरवेळी ठरतं, आणि दरवेळी त्याला कळतं की दोन महिन्यांनी नवीन येऊन राह्यलं. मी एकदा त्याला टोचून विचारलं, की तुमच्या चिठ्ठीची वाट पाहू का. त्याला टोचलंच नाही. तो गंभीरपणे म्हणाला, की स्वतःसाठी निवडायचं म्हटलं की पेन कागदावर टेकत नाही, कारण चुकलं तर कोणाला सांगायचं. मला ते तेव्हा नुसतं हास्यास्पद वाटलं होतं.

तर यंदा माझ्या मुलीला, ऋतुजाला, अमरावतीला आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला. तिला इमारतींची मोठी मोठी चित्रं काढायला दणकट मशीन लागणार होतं. प्रवेशाची यादी लागली त्या संध्याकाळी ती आनंदाने घरात आली आणि तिने पहिलं वाक्य उच्चारलं ते असं, की पप्पा, मी मावसाजीला फोन करून विचारते, बोर्ड कोणता घ्यायचा. बायको म्हणाली, हो, भाऊजीला विचारलेलं बरं. दोघींनी हे माझ्यासमोर म्हटलं. मी तेव्हा दुसऱ्याच कोणाचा तरी कॉम्प्युटर मांडीवर घेऊन दुरुस्त करत होतो.

मी सांगितलं, की कोणालाही विचारायचं नाही. या घरातलं मशीन या घरातला माणूस निवडेल, आणि स्वतःच्या हाताने, सगळ्यांसमोर जोडेल. ऋतुजाने माझ्याकडे पाहिलं आणि फोन खाली ठेवला. तिला काय वाटलं असेल ते मी तेव्हा पाहायला हवं होतं. पण माझं डोकं आधीच अकोल्याच्या ठोक व्यापाऱ्याकडे पोचलं होतं. साडूने बी सांगितला असता, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी झेड मागवला. झेड ७९०, सगळ्यांत वरचा. झेडचा खरा फायदा प्रोसेसरला त्याच्या ठरल्या वेगाच्या पुढे पळवायचं असेल तरच असतो, आणि मी घेतलेला प्रोसेसर तसा पळणारा नव्हता, हेही मला ठाऊक होतं. तरी मागवला. गाढवावर अंबारी ठेवली तरी अंबारी ती अंबारीच, असं मी स्वतःला समजावलं.

रविवारी सकाळी पुढच्या खोलीत सतरंजी अंथरली. मंगळवारी ऋतुजा निघणार होती. बायकोने डब्याला हळदकुंकू लावलं. मी बाह्या वर केल्या, बोर्ड बाहेर काढला, आणि आधी रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या, पट्ट्या बसवून घ्याव्यात म्हणून एक पट्टी खाचेत धरून दाबली. ती बसेना. मी म्हणालो, नवीन आहे, घट्ट असते. पुन्हा दाबली. उलटी करून पाहिली. बोर्ड किंचित वाकला आणि ऋतुजा हळूच म्हणाली, “पप्पा, जोर नका लावू.” तेव्हा कुठे माझं लक्ष खाचेच्या मधल्या दांडीकडे गेलं. दांडी एकीकडे आणि पट्टीतला काप दुसरीकडे. बोर्ड जुन्या पिढीच्या रॅमचा होता आणि मी रॅम नव्या पिढीची आणली होती. एकाच नावाचा, एकाच चिपसेटचा बोर्ड दोन्ही तऱ्हांत मिळतो. फरक काय तो नावाच्या अगदी शेवटी लिहिलेला असतो, ‘डी४’, मुंगीएवढ्या अक्षरात. अठरा वर्षं. घामाने माझा चष्मा आपोआपच पुसण्याजोगा झाला होता.

आणि नेमका त्याच वेळी साडू दारात उभा राहिला. भाचीला निरोप द्यायला आला होता; हातात वांग्यांची पिशवी. मागच्या अंगणात पाय धुऊन आत आला, सतरंजीच्या कडेला बसला. त्याची नजर माझ्या हातातल्या पट्टीवर गेली, तिथून बोर्डावर, तिथून रिकाम्या डब्यावर, आणि डब्याच्या कोपऱ्यावर येऊन थांबली. मला कळलं की याने वाचलं. अठरा वर्षांची माझी अब्रू त्या क्षणी वांग्याच्या पिशवीशेजारी पडली होती.

साडूने डबा उचलून बाजूला ठेवला आणि बायकोला म्हणाला, “बरं झालं भाऊनं आधी रॅम लावून पायली. अकोल्यावाल्यानं दुसराच डबा पाठवून देला वाटते. सारख्या नावाचे असतात, अदलाबदल होते त्यायची. दुसरा कोनी असता तर समदं जोडून बसला असता.”

बायको म्हणाली, तरीच. ऋतुजाच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. आणि मी, ज्याने त्या क्षणी त्या माणसाचे पाय धरायला हवे होते, मनात काय म्हणालो असेन? मी म्हणालो, हेसुद्धा यालाच सुचलं.

हात धुवायच्या निमित्ताने तो माझ्यामागे अंगणात आला. मी नळ सोडून उभा राहिलो, वर पाहिलं नाही. मग त्याने मला एक गोष्ट सांगितली, जी इतक्या वर्षांत त्याने स्टुलावर बसून एकदाही सांगितली नव्हती. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी तो वांग्याचं बियाणं घ्यायला गेला. आदल्या वर्षी ज्या नंबरचं वाण चांगलं आलं होतं, त्याच्या पुढच्या नंबरचं पाकीट दुकानात दिसलं. त्याला वाटलं, मोठा नंबर म्हणजे सुधारलेलं असणार. सगळ्यांना सांगून सवरून त्याने ते अख्ख्या वावरात लावलं. झाडं छातीएवढी झाली, पानं अशी की रस्त्याने जाणारे थांबून पाहत, आणि वांगं एक धरलं नाही. ते वाण आपल्या हंगामाचं नव्हतंच. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. त्याचे वडील रोज सकाळी वावराच्या बांधावर येऊन उभे राहायचे आणि काही न बोलता परत जायचे, असे तीन महिने.

“बोलले असते तर बरं वाटलं असतं,” तो म्हणाला. “तवापासून भाऊ, मी समदं वाचतो. मले त्याची हौस नाही. मले भेव वाटते.”

नळ वाहत होता. त्याने तो बंद केला आणि उद्याच्या मेटाडोरने भेंडी अकोल्याला जाणार आहे, तर मी डबा बदलून आणतो, म्हणाला. प्रोसेसर बसवायच्या जागेवरचं काळं झाकण मी अजून काढलेलं नव्हतं, त्यामुळे बोर्ड परत होण्यासारखा होता. काय आणू, असं त्याने मला विचारलं. म्हणजे त्याला ठाऊक होतं काय आणायचं ते. तरीही विचारलं. मी म्हणालो, “बी-सातशेसाठ. नव्या रॅमचा.” तो म्हणाला, “बराबर.”

सोमवारी दुपारी तो डबा मांडीवर घेऊन अकोल्याहून आला. तेव्हा ऊन चढलं होतं आणि दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी टेबल स्वच्छ केलं आणि बोर्ड उघडला. या वेळी पट्ट्या अशा बसल्या की दोन्ही कडांनी टक् टक् आवाज आला. मग मी प्रोसेसर हातात घेतला. साडू स्टूल सोडून माझ्या खांद्याशी येऊन उभा राहिला. त्याचा श्वास थांबलेला मला मागून कळत होता. बोर्डावर त्या जागी केसापेक्षा बारीक अशा शेकडो तारा उभ्या असतात. हात हलला आणि एक वाकली तरी बोर्ड गेला. प्रोसेसर वरून अलगद सोडायचा, दाबायचा नाही, आणि मग बाजूची लोखंडी दांडी खाली घेऊन खटक्यात अडकवायची. मी हे आजवर किती वेळा केलं असेल याची मोजदाद नाही. मी कधी त्याचा विचारही केलेला नाही.

“किती वेळा वाचलं म्या हे,” साडू हळू आवाजात म्हणाला. “चित्रात पायलं. पन हात नाही लावला कधी.” त्याने स्वतःचे हात पुढे करून पाहिले. भेंडीने सोललेली बोटं, नखांत माती, तळवे पाटीसारखे. “असे हात घेऊन काय करावं त्याच्यात. तुमी हातात धरता भाऊ. मी नुसतं नाव घेतो. मले तुमचा लय हेवा वाटते.”

इतकी वर्षं मी ज्या वाक्याची वाट पाहत होतो, ते असं, भर दुपारी, रिकाम्या दुकानात, कोणी साक्षीला नसताना आलं. मी ते कानात मुरू दिलं. खरं सांगतो, त्या एका मिनिटात मला फार बरं वाटलं. प्रोसेसर मी मुद्दाम सावकाश सोडला. तो आपल्या जागी बसला. मग दांडी तेवढी राहिली होती. दांडीला ना नाजूकपणा लागतो, ना काही. मातीच्या हाताने, कशाही हाताने ती खाली येते. थोडा जोरच लावावा लागतो, आणि जोर त्याच्याकडे माझ्या दुप्पट आहे. मी नुसतं बाजूला सरकून ‘दाबा’ म्हणालो असतो, तर झालं असतं. त्याने हात पुसून घेतला होता, विजारीला, दोनदा. ते मी पाहिलं होतं.

मी दांडी खाली घेतली. खटका लागला.

“झालं?” त्याने विचारलं.

“झालं,” मी म्हणालो.

तो काही वेळ वाकून पाहत राहिला. मग बाराची गाडी चुकली होती म्हणून दोनच्या गाडीने जातो म्हणाला, भाचीला आशीर्वाद सांगा म्हणाला, आणि निघाला. मशीन अमरावतीला गेलं, उत्तम चालतं आहे. ऋतुजा फोनवर सगळ्यांना सांगते की पप्पांनी जोडलं. त्यात खोटं काही नाही. पण हल्ली दुकानात कोणाचा प्रोसेसर बसवताना दांडीपाशी आलो की माझा हात क्षणभर थांबतो, आणि मी स्टुलाकडे पाहतो. बहुतेक वेळा ते रिकामं असतं. सध्या टमाट्याचे दिवस आहेत, त्याला वेळ होत नाही.